दाखला न मागणारं दार

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला मोतीबिंदू झाला, तेव्हा मी त्या दोघांबरोबर एका धर्मादाय रुग्णालयात गेले होते. रुग्णालय मोठं, नावाजलेलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथे जे झालं ते दुसऱ्या कुठेही झालं असतं. डोळे तपासून झाले, उजवा मोतीबिंदू पुरता पिकलाय असं डॉक्टर म्हणाले आणि आम्हाला समाजसेवा विभागाच्या खिडकीकडे पाठवलं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या एकूण रकमेतले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मार्गी लावलेली ही योजना आहे आणि तिच्यामुळे अनेकांचे जीव वाचलेत, हे आधीच सांगून टाकते.

खिडकीपलीकडच्या बाईंनी रेशनकार्ड मागितलं. ते केशरी निघालं, पिवळं नव्हे. मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा झाला. दाखला काढायला तलाठ्याकडचा कागद, त्याआधी पत्त्याचा पुरावा, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. काका रात्रपाळीचे वॉचमन. दिवसा झोपायचं सोडून ते तीन खेपा घालत राहिले. पहिल्या दिवशी दवाखान्यात जायचं म्हणून त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. रांगेतल्या एका अनुभवी गृहस्थांनी त्यांना आपुलकीने सल्ला दिला, "पुढच्या वेळेला हा शर्ट नका घालू." काकांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला ते खरंच जुना, कॉलर विरलेला शर्ट घालून आले.

तो शर्ट माझ्या डोक्यातून जात नव्हता, त्याच दिवसांत मी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाबद्दल मिळेल ते वाचत होते. त्या वाचनात एक गोष्ट सारखी समोर येत होती, आणि लिहिणारे बहुतेक जण तिच्यावरून घाईने पुढे जात होते. मदुराईच्या अण्णानगरात या संस्थेची दोन रुग्णालयं आहेत, एक पैसे देणाऱ्यांचं आणि एक मोफत. कोणी कुठल्या दारातून आत जायचं हे रुग्ण स्वतः ठरवतो. उत्पन्न विचारत नाहीत, कार्डाचा रंग बघत नाहीत. दाखला मागणारी खिडकीच तिथे नाही.

ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून आली त्या डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामींना सगळे डॉ. व्ही. म्हणत. त्यांच्याविषयी इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय. हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९९३ साली त्यांच्या रुग्णालयावर केस स्टडी केली आणि जगभरचे एमबीए करणारे विद्यार्थी ती वाचत आले. (हार्वर्डवाल्यांना पुढे आपले डबेवालेही आवडले. आपल्याकडची शिस्त आपल्याला आधी तिकडून कळते, हा वेगळा विषय.) अशा लिखाणात डॉ. व्ही. कधी संत होतात, कधी उद्योजक. मला ते वाटतात हिशोबी गृहस्थ. दुसऱ्याच्या अब्रूचाही हिशोब धरणारे.

*

जन्म १ ऑक्टोबर १९१८चा, तमिळनाडूच्या दक्षिणेकडच्या वडमलापुरम या कोरडवाहू खेड्यात. बाप शेतकरी, पाच भावंडांत हे थोरले. शाळेत पाटी-पेन्सिलचीही वानवा, मुलं नदीची वाळू आणून पसरत आणि तीत बोटाने अक्षरं गिरवत. त्या काळात गावात डॉक्टर नव्हता. व्यंकटस्वामी लहान असताना घरातल्या तीन चुलत बहिणी बाळंतपणाच्या आगेमागे एकामागून एक गेल्या. डॉक्टर व्हायचं त्या मुलाने तिथेच ठरवलं, आणि तेही बायकांचा, बाळंतपणं करणारा डॉक्टर.

मदुराईचं अमेरिकन कॉलेज, मग मद्रासचं स्टॅनली मेडिकल कॉलेज, १९४४ साली पदवी आणि लगेच लष्कराच्या वैद्यकीय सेवेत भरती. इथवर सगळं सरळ चाललं होतं. मग संधिवाताने गाठलं. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा म्हातारपणीच्या गुडघेदुखीसारखा प्रकार नाही. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. तिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा डॉक्टर वर्षाहून अधिक काळ अंथरुणाला खिळला. १९४८ला लष्कराने निरोप दिला. बोटं वाकडी झाली ती कायमची, पेनही धरता येईना. बाळंतपणं करण्याचा प्रश्नच उरला नाही.

अशा हातांनी हा माणूस नेत्रशल्यक्रियेकडे वळला. प्रसूतीशास्त्राला ताकद आणि तासन्‌तास उभं राहणं लागतं; डोळ्याचं काम बसून आणि बोटांच्या टोकांनी होतं, एवढाच काय तो हिशोब असावा. पण ती बोटांची टोकंच तर बिघडली होती! १९५१मध्ये त्यांनी नेत्रविज्ञानाची पदविका घेतली, आपल्या वाकड्या बोटांत बसतील अशी हत्यारं करून घेतली आणि सुरी धरायला नव्याने शिकले. आयुष्यभरात या बोटांनी एक लाखाहून जास्त शस्त्रक्रिया केल्या. जुन्या छायाचित्रांत त्यांचे हात बघावेत. बोटं एका बाजूला कललेली, जणू वाऱ्याने झुकवलेलं गवत.

१९५६ साली ते मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आणि अर्स्किन रुग्णालयात नेत्रविभागाचे प्रमुख झाले. तिथे वीस वर्षं. या वीस वर्षांवर कुणी फार लिहीत नाही, कारण सरकारी नोकरीत कथा दिसत नाही. मला मात्र वाटतं, पुढचं सगळं इथेच शिजलं. त्यांनी खेडोपाडी नेत्रशिबिरं सुरू केली. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने आंधळी होणारी मुलं बघून पोषण पुनर्वसन केंद्र काढलं. दृष्टी परत येणार नाही अशा अंधांना शेतीची कामं शिकवण्याचा उपक्रम चालवला. १९६५ला अमेरिकेत गेले असता ब्रिटिश अंधकल्याण संस्थेचे सर जॉन विल्सन भेटले. विल्सन स्वतः अंध होते. पुढे दोघांनी मिळून दिल्लीत अंधत्व निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम असावा म्हणून पाठपुरावा केला. तो कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि आजही चालू आहे. १९७३मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि १९७६ सालीच, ५८व्या वर्षी, ते नियमाप्रमाणे निवृत्त झाले.

*

निवृत्त सरकारी डॉक्टरने खासगी प्रॅक्टिस थाटायची, ही आपल्याकडचीही रीत आहे. डॉ. व्हीं.नी मदुराईतल्या एका घरात ११ खाटांचं रुग्णालय थाटलं, तेव्हा शेजाऱ्यांना तसंच वाटलं असणार. व्यवसायाचा आराखडा बँकेला दाखवण्याजोगा नव्हता: रुग्णांपैकी बरेच जण काहीच देणार नाहीत, आणि मालकाचं वय ५८. कर्ज मिळालं नाही. घर गहाण पडलं, घरातल्या बायकांचे दागिने गेले. लग्न त्यांनी केलंच नव्हतं, त्यामुळे 'घरातल्या' म्हणजे बहिणी आणि भावजया.

या संस्थेचा जमाखर्च मांडताना अर्थतज्ज्ञ हटकून विसरतात तो हा घटक: कुटुंब. धाकटी बहीण डॉ. नाचियार आणि तिचे पती डॉ. नंपेरुमालसामी, दोघंही नेत्रशल्यविशारद. नंपेरुमालसामींची बहीण डॉ. विजयालक्ष्मी आणि तिचे पती, तेही डोळ्यांचेच डॉक्टर. भाऊ श्रीनिवासन बांधकाम आणि पैशाची बाजू सांभाळणारे. या सगळ्यांना थोरल्या भावाने तुटपुंज्या पगारावर जवळजवळ ओढूनच आणलं. वडील गेल्यावर भावंडांची शिक्षणं, लग्नं त्यांनीच पार पाडलेली; नकार देणार कोण? त्यामागे श्री अरविंदांवरची श्रद्धाही होती, संस्थेच्या नावात ती आहेच. कामाकडे साधना म्हणून बघावं ही शिकवण डॉ. व्हीं.नी आधी पोटच्या नव्हे, पाठच्यांवर लादली. त्याची किंमत त्या तरुण जोडप्यांनी मोजली: आठवड्याचे सगळे दिवस काम, मुलं आजीकडे, आणि बरोबरीचे डॉक्टर मोटारी घेत असताना यांचा महिना ओढाताणीत.

इमारत उभी राहिली तीही पैसा येईल तसतशी. आधी पैसे देणाऱ्या रुग्णांसाठी बांधायचं, त्यातून शिल्लक पडली की मोफत रुग्णालयाचे मजले चढवायचे. १९८४पर्यंत मोफत रुग्णालय ३५० खाटांचं झालं. खाटा म्हणायचं, पण मोफत वॉर्डात खाटा नव्हत्याच. माणशी सहा फूट बाय तीन फुटांची चटई आणि एक छोटी उशी. ऑपरेशन झालेली माणसं रांगेने जमिनीवर निजायची.

ही चटई नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा व्यवहार तिच्यावर तोललेला आहे. दोन्ही रुग्णालयांत डॉक्टर तेच, ते आळीपाळीने दोन्हीकडे काम करतात. पैसे भरलेत तर खोली मिळेल, पलंग मिळेल, वातानुकूलन मिळेल. नाही भरलेत तर चटई. ज्याला परवडतं तो बहुधा स्वतःच पलंग निवडतो. आपल्याकडे जे काम दाखला करतो ते तिथे चटईने केलं, आणि चटई कुणाला प्रश्न विचारत नाही. एखादा पैसेवाला चटईवर येऊन झोपलाच, तर झोपू दे. त्याला हुडकून काढायला जो कारकून नेमावा लागेल त्याच्या पगारात कितीतरी मोतीबिंदू निघतील. डॉ. व्हीं.चा हिशोब असा होता, असं मला वाटतं.

डॉक्टर तेच असले तरी सगळं तेच मिळतं असं नाही, हेही सांगायला हवं. पैसे देणाऱ्याला यंत्राने विरघळवून काढायची फेको शस्त्रक्रिया आणि घडी होऊन आत जाणारं भिंग घेता येतं. मोफत रुग्णाची शस्त्रक्रिया बहुतेकदा हाताने, छोटी चीर देऊन होते, भिंगही साधं. मग हा दुजाभाव नाही का? याचं उत्तर शोधायला मदुराईला जायला नको, ते पुण्यात मिळालं. ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली आणि २००५ साली ती प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याची नजर फेकोवाल्यांची थोडी उजवी होती. चष्मा दिल्यावर दोघंही जवळपास सारखे. हाताच्या पद्धतीला खर्च कमी आणि महागडं यंत्रही नको. फरक आहे. पण तो शिवणयंत्राने शिवलेल्या आणि हाताने शिवलेल्या सदऱ्यातला आहे, सदरा असण्या-नसण्यातला नाही.

*

इतकी फुकट ऑपरेशनं परवडतात कशी? पैसे देणारे भरमसाट देतात म्हणून, असा समज होतो. तसं नाही. त्यांचे दर बाजारापेक्षा चढे ठेवले असते तर ते तिथे आलेच नसते.

उत्तर शस्त्रक्रियागृहात आहे. अमेरिकेत फिरताना डॉ. व्हीं.नी मॅकडोनाल्ड्स पाहिलं आणि ते भारावले. स्वतः शाकाहारी वळणाच्या, आश्रमी वृत्तीच्या माणसाला बर्गरच्या दुकानात काय दिसलं? दिसलं ते असं, की कुठल्याही गावात, कुणीही नवशिका पोरगा उभा केला तरी तोच पदार्थ त्याच चवीचा निघतो. मग मोतीबिंदू का नाही?

आपल्या मोठ्या कार्याच्या स्वयंपाकघरात जे चालतं तेच तिथे चालतं: आचारी एक, चुली दोन. सर्जन दोन टेबलांच्या मध्ये बसतो. एका टेबलावर तो काम करत असताना दुसऱ्यावरचा रुग्ण तयार होत असतो. डोळा धुतलेला, बधिर केलेला, हत्यारांचा निर्जंतुक संच मांडलेला. पहिलं ऑपरेशन संपलं की सूक्ष्मदर्शक दुसऱ्या टेबलाकडे फिरवायचा. सर्जनने फक्त तेवढीच मिनिटं खर्च करायची जी सर्जनशिवाय दुसऱ्या कुणालाच खर्च करता येणार नाहीत. मोजमाप, तयारी, पट्टी, समजावणं, नोंदी हे सगळं इतर हात करतात. त्यामुळे इथला सर्जन वर्षाला दोन हजार शस्त्रक्रिया सहज करतो, देशातल्या सरासरी सर्जनच्या कितीतरी पट. यंत्र तेच, इमारत तीच, पगार तोच; भागाकार मोठ्या आकड्याने केला की उत्तर लहान येतं.

वेगाची भीती वाटते, वाटायलाच हवी. आपल्या देशात घाईच्या शिबिरांत जंतुसंसर्गाने डोळे गेल्याच्या बातम्या काही कमी वाचलेल्या नाहीत. पण इथे वेगाने उलटाच फायदा दिला. एकच काम हजारो वेळा केलं की चूकही मोजता येते. प्रत्येक सर्जनच्या गुंतागुंतींची नोंद ठेवली जाते आणि ती सहकाऱ्यांसमोर मांडली जाते. शस्त्रक्रियेच्या शेवटी मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक डोळ्याच्या आत टोचलं तर संसर्ग कमी होतो का, हे तपासायला जगातल्या बहुतेक रुग्णालयांकडे पुरेसे रुग्णच नसतात, कारण मुळात संसर्ग दुर्मीळ. अरविंदच्या डॉक्टरांनी २०१७ साली सहा लाखांहून जास्त शस्त्रक्रियांचा हिशोब छापला: संसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं होतं. दहा हजारांत सात डोळ्यांऐवजी दोन. वाचवलेल्या त्या पाच डोळ्यांत चटईवाले किती आणि पलंगवाले किती, याचा रकाना त्या आकड्यात नाही.

*

माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तालुक्याच्या शाळेतल्या शिबिरात झालं होतं. बाकं एकावर एक रचून वर्ग मोकळे केलेले, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं, आणि महिन्याभराने आलेला तो चष्मा. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी जाड भिंगं. त्यातून आजीचे डोळे घुबडाएवढे दिसायचे. तिला मात्र समोरचं तेवढंच दिसे, बाजूचं काही नाही; उंबरठा दोन वीत अलीकडेच आहे असं वाटून ती अडखळायची. चष्मा फुटला की ती पुन्हा आंधळी, नवा करायला पुन्हा कुणीतरी शहरात जाणारा गाठायचा.

डोळ्याच्या आतच भिंग बसवायची युक्ती हॅरॉल्ड रिडले या इंग्रज सर्जनने १९४९ सालीच केली होती. लढाऊ विमानांच्या अ‍ॅक्रिलिक छताचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतूनही डोळा बिथरत नाही, हे त्याने महायुद्धात पाहिलं होतं. पण १९८०च्या दशकातही आयात भिंग एका गरिबाच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढं महाग होतं. गरीब देशांना हे परवडणारं नाही, त्यांनी जाड चष्म्यांवरच भागवावं, असं आंतरराष्ट्रीय आरोग्य वर्तुळातल्या मोठ्या लोकांचं मत होतं. आजीच्या वाट्याला ते उंबरठे आले ते या मतामुळे.

डॉ. व्ही. आणि त्यांचे अमेरिकी मित्र यांना हे पटलं नाही. देवीच्या रोगाचं निर्मूलन करून परतलेल्या लॅरी ब्रिलियंट आणि मंडळींनी १९७८ला स्थापन केलेल्या सेवा फाउंडेशनशी डॉ. व्हीं.चा घरोबा होता. आधी दान मिळालेली भिंगं यायची. पण दानावर किती दिवस काढायचे? दात्याचं मन बदललं की वॉर्ड रिकामा. मग सेवाच्या डेव्हिड ग्रीन यांच्या खटपटीतून अमेरिकेतलं तंत्रज्ञान विकत घेतलं आणि १९९२ साली मदुराईत ऑरोलॅब सुरू झाली. भिंगाची किंमत दहा डॉलरच्या घरात आली आणि नंतर आणखी खाली. आज ही भिंगं शंभराहून अधिक देशांत जातात.

दानशूर या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर देणारा हात येतो, आणि त्या हाताखाली घेणारा. भिंगाचा भाव उतरला की ज्याने मदुराईचं नाव ऐकलेलं नाही अशा माणसालाही त्याचा फायदा मिळतो आणि त्याला कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प झाला. त्यात तमिळनाडूबरोबर महाराष्ट्रही होता. भिंगाची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यांत रुळली ती या वर्षांत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखावर शस्त्रक्रिया केल्या त्या सरकारी छताखाली, हेही या जोडीला ठेवावंसं वाटतं. मदुराईची वाट ही एकमेव वाट नाही.

विषय तमिळनाडूचा आहे म्हणून एक आडवळण. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांना नेत्रवैद्यकाचा विलक्षण नाद होता. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. म्हणजे कावेरीच्या त्या पट्ट्यात मोतीबिंदूचा केसपेपर लिहिण्याची परंपरा दोनशे वर्षांची आहे, आणि तिच्यावर एका भोसल्यांची मोहोर आहे.

*

फुकट केलं की लोक येतील, हा समज मात्र मदुराईतही मोडला. शिबिरात तपासून बसने शहरात न्यायचं, ऑपरेशन, जेवण, परत पोचवणं सगळं मोफत. तरीही १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं, की शिबिराचा उपयोग झाला असता अशा खेड्यातल्या माणसांपैकी जेमतेम सात टक्के शिबिरात आले होते. भीती, घरची कामं, सोबतीला कुणी नाही, आणि "आता या वयात कशाला?" माझी खात्री आहे, यातलं शेवटचं उत्तर म्हाताऱ्यांचं नसून सुनामुलांच्या तोंडून आलेलं असणार, पण हा माझा आकस.

दुसरी एखादी संस्था हा आकडा दडपून बसली असती. यांनी २००४पासून खेड्यातच छोटी दृष्टी केंद्रं उघडायला सुरुवात केली. तिथे एक प्रशिक्षित तंत्रज्ञ मुलगी डोळे तपासते, शहरातला डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलतो, चष्मा लागत असेल तर तिथेच मिळतो. अशी शंभरावर केंद्रं झाली. शिबिराचं कौतुक वर्तमानपत्रात छापून येतं, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापता येते. दृष्टी केंद्रात छापण्यासारखं काहीच नसतं. एक खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक मुलगी.

या मुलींविषयी बोलल्याशिवाय लेख पुढे नेता येणार नाही. अरविंदच्या मनुष्यबळात सर्वांत मोठा वाटा त्यांचा आहे. खेड्यातल्या, बारावी झालेल्या, बहुतेक शेतकरी घरातल्या. संस्था त्यांना दोन वर्षं फुकट शिकवते, विद्यावेतन देते, नोकरी देते. सर्जनचा वेग म्हणून जे वाखाणलं जातं तो या मुलींच्या हातांचा वेग आहे. त्यांना पगार डॉक्टरांच्या तुलनेत अर्थातच कमी, आणि बऱ्याच जणी काही वर्षांनी लग्न होऊन निघून जातात. संस्था नव्या मुली घेते. हे शोषण आहे का? घरातली पहिली पगार घेणारी मुलगी होणं, हॉस्टेलवर राहणं, हातात कसब येणं याची किंमत मी शहरात बसून ठरवू नये. पण स्वस्त मोतीबिंदूच्या गणितात स्वस्त मनुष्यबळ हा एक आकडा आहे आणि तो स्त्रीलिंगी आहे, एवढं नोंदवायलाच हवं.

दुसरा आक्षेप नकलेचा. १९९२ साली लायन्सच्या मदतीने एक शिक्षण संस्था काढून अरविंदने आपली पद्धत मागेल त्याला शिकवली, देशातल्या आणि परदेशातल्या शेकडो रुग्णालयांना. धंद्याचं गुपित असं चव्हाट्यावर मांडणारा धंदेवाईक विरळा. पण शिकून गेलेल्यांपैकी दुसरी मदुराई फारशी कुणी उभी केली नाही. बहिणी-मेहुणे कुठून आणणार? शिवाय मोतीबिंदू हा मोठा सोयीचा रोग आहे. तारीख ठरवून कापता येतो, काही मिनिटांत संपतो, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते आणि माणूस नातवाचं तोंड बघतो. बाळंतपण असं रांगेत लावता येत नाही, कर्करोग तर नाहीच. व्यंकटस्वामींना मुळात बाळंतपणं करायची होती. त्यांच्या बोटांनी साथ दिली असती तर असं काही उभं राहिलं असतं का, या प्रश्नाशी मी बराच वेळ अडून बसले.

थेनी, तिरुनेलवेली, कोइमतूर, पुदुच्चेरी, पुढे चेन्नई अशी रुग्णालयं वाढत गेली. आता वर्षाला चार-पाच लाख शस्त्रक्रिया होतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त मोफत किंवा नाममात्र दरात. काहींमागे सरकारचं अनुदान मिळतं, पण संस्थेचा रोजचा गाडा रुग्णांच्या पैशावरच चालतो आणि वर शिल्लकही पडते. २००८ साली गेट्स पुरस्कार आला, २०१०ला हिल्टन पुरस्कार, पंधरा लाख डॉलरचा. डॉ. व्हीं.नी यातलं काही पाहिलं नाही. ७ जुलै २००६ रोजी, ८७व्या वर्षी ते गेले. म्हातारपणीही ते रुग्णालयात येऊन बसत. भेटायला येणाऱ्यांत अमेरिकी प्राध्यापक असत आणि चटईवरून उठून आलेली माणसंही.

*

काकांचं ऑपरेशन शेवटी झालं. चांगलं झालं. ते करणारी डॉक्टर मुलगी गोड होती, पट्टी काढताना तिने काकांना आधी मावशींकडेच बघायला लावलं. तक्रार तिच्याविषयी नाही, खिडकीपलीकडच्या बाईंविषयीही नाही. त्यांनाही कुणीतरी तपासणारं असतं, कागद नसले तर त्यांच्यावरच ठपका.

हा लेख लिहीत असताना एका सकाळी मावशी कणीक मळत होत्या, तेव्हा मी त्यांना मदुराईची हकीकत सांगितली. दोन दारं, एक पैशाचं, एक फुकटचं, कोण कुठून जाईल ते ज्याचं त्याने ठरवायचं. मावशींचे हात थांबले.

"म्हणजे कागद काहीच नाही?"

"काही नाही."

"मग ताई, मोठे लोक शिरत नाहीत होय फुकटच्या दारातनं?"

मी म्हटलं, शिरत असतील थोडे. पण फुकटच्या बाजूला खाट नसते ना, खाली चटईवर झोपावं लागतं. म्हणून ते बहुतेक पैशाच्या बाजूलाच जातात.

मावशींनी उंडा हातात घेतला, पिठात बुडवला.

"चटईवर तर आम्ही घरी झोपतोच की," त्या म्हणाल्या. मग पोळी लाटता लाटता जराशाने म्हणाल्या, "यांचा तो पांढरा शर्ट तरी घालता आला असता."